पॉलिसीतलं दुसरं नाव

मंगळवार, ५ मार्च

हझवानने नव्या वर्षाला दिलेली ही डायरी दोन महिने मायक्रोवेव्हवर पडून होती. आज उघडली, कारण आज माझ्या गाडीच्या विम्यात दुसरं नाव घातलं.

गाडी माझी आहे, हे आधी लिहून ठेवते. चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमी बसवून बसवून मी ह्या मायवी गाडीचे हप्ते फेडले. तैपिंगभर मीच चालवते. बालन शेजारी बसतो, पट्टा लावतो आणि डोळे मिटून घेतो. लायसन्स आहे त्याच्याकडे, लग्नाआधीपासूनचं. पण "तुझी गाडी, तूच चालव" म्हणायचा. (इथे मी त्याला 'तो' म्हणते. तोंडावर एकोणीस वर्षं 'अहो'च.)

परवा जेवताना म्हणाला, "कारखान्याने बस बंद केली, कोगिला. आपापलं या म्हणतात. तुझं दुकान काय, पाच मिनिटांवर. गाडी मी नेऊ का?"

तो कमुंटिंगला हातमोज्यांच्या कारखान्यात सोळा वर्षं स्टोअरकीपर आहे. सोळा वर्षं बस दारातून न्यायची. नाही कसं म्हणणार?

आज माझी सुट्टी, म्हणून हझवानकडे गेले. आमच्या दुकानाच्या वरच त्याचं ऑफिस. मलाय मुलगा, तिशीचा, सगळ्यांच्या गाडीचा, घराचा, आयुष्याचा विमा हाच उतरवतो. मला अक्का म्हणतो, मी त्याला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणते.

"नाव घातलेलं बरं, अक्का. नाव नसताना त्यांनी ठोकली तर पहिले चारशे रिंगिट तुमच्या पदरचे. कोण लागतात?"

"नवरा."

"काम?"

"स्टोअरकीपर. लिही."

"आणि भाड्याने चालवायची नाही हां. माणसं बसवून पैसे घेतले की क्लेम विसरा."

"आमच्या ह्यांना कोण भाडं देणार? तलावाच्या बागेतसुद्धा रस्ता चुकतात."

तो हसला. "झालं, आता गाडीला दोघं मालक."

"मालक मीच. ते नुसते चालवणारे."

घरी येऊन किल्ली बालनच्या हातात दिली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, देवळातला प्रसाद घ्यावा तशी. मला जरा विचित्रच वाटलं.


गुरुवार, १४ मार्च

संध्याकाळी तांदूळ आणायला गाडी काढली. चालकाची सीट मागे सरकवलेली, ते समजू शकते, त्याचं पोट आहे. पण शेजारची सीट? तिची पाठ पार आडवी पाडलेली. बिछान्यासारखी.

"हे काय?"

"जेवणाच्या सुट्टीत जरा पडलो होतो."

"शेजारच्या सीटवर?"

"इकडे स्टिअरिंग पोटाला लागतं गं."

पटण्यासारखं होतं. पण उत्तर फार लवकर आलं. बालनला मीठ हवं का विचारलं तरी तो आधी विचार करतो.


शनिवार, १६ मार्च

सीट परत आडवी. दाराच्या खाचेत सुक्या आलुबुखाराच्या गोळ्यांचे तीन कागद. बालनला आंबट चालत नाही, त्याचे दात शिवशिवतात. माझ्या सांबारात चिंच जरा जास्त पडली तर तोंड वाकडं करतो.

आणि एक केस. लांब, सरळ, काळा. माझे कुरळे आहेत, आणि निम्मे मेंदीने लाल.

केस ह्या पानात ठेवला आहे.


मंगळवार, २६ मार्च

माझ्या सुट्टीच्या दिवशी तरी गाडी मला मिळेल असं वाटलं होतं. मंगळवारी मी मारिअम्मनच्या देवळात जाते, मग मासळीबाजार. आज सकाळी म्हणाला, "आज नको ना. आज मला लागेल."

"रोज तुम्हीच नेता. एक मंगळवार तरी मला नको?"

"मंगळवारी माल येतो."

गाडीतून कारखान्यात माल येतो का? छत्री घेऊन चालत गेले. देवळातून बाहेर पडते तोवर पावसाने झोडपलं.

वर पेट्रोलला पैसे माझ्याकडेच मागितले. ह्या महिन्यात दुसऱ्यांदा. "पगार अडकलाय जरा" म्हणाला. दिले. द्यायलाच लागतात, टाकी माझ्या गाडीची.


शुक्रवार, ५ एप्रिल

मी आता गाडीचा किलोमीटरचा आकडा लिहून ठेवते. सकाळी कचरा टाकायला म्हणून खाली जाते, काचेतून बघते. ह्या वयात मी हे करते आहे. कुणाला सांगायची सोय नाही.

दोन आठवड्यांचा हिशेब असा लागतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार: चाळीसच्या वर. बाकीच्या दिवशी: चार, पाच.

कारखाना जाऊन-येऊन चौदा किलोमीटर आहे. मग चार कसे होतील? काट्यातच काही बिघाड असेल. मला बिघाडाशी देणंघेणं नाही. मला मंगळवार, गुरुवार, शनिवारशी आहे. आठवड्यातून तीनदा, ठरल्यासारखी, ती त्याच्या शेजारी आडवी होते. माझ्या गाडीत.

आज सीटखाली गोल चिकटपट्टी सापडली, मधे कापूस, त्यावर मसुराएवढा रक्ताचा डाग. टोचल्यावर दवाखान्यात लावतात तसली. म्हणजे बाई नर्स असणार. कारखान्याच्या दवाखान्यात नवी नर्स आली असेल. तरुण असेल. नर्सांना माणसाशी गोड बोलायचं शिकवतातच.


रविवार, १४ एप्रिल

आमचं तमिळ नवीन वर्ष. पायसम केलं, वडे केले. आम्ही दोघंच, तरी केलं.

बालन हल्ली फार चांगला वागतो. मला हेच खुपतं. परवा मी दुकानातून आले तर म्हणाला, "दिवसभर उभी असतेस. पाय सुजतात का गं? दाखव." आणि खरंच खाली बसून घोटा दाबून पाहिला, बोटाचा खड्डा राहतो का ते. एकोणीस वर्षांत माझ्या घोट्याकडे पाहिलं नव्हतं ह्या माणसाने. हे सगळं तो कुठेतरी शिकून येतोय. दुसरीच्या घोट्यावर शिकलेलं माझ्या घोट्यावर करून दाखवतोय.

आज नवी साडी नेसले. "छान दिसतेस," म्हणाला. मी म्हटलं, "कुणापेक्षा?" तो हसला. त्याला वाटलं, मी थट्टा करते आहे.


मंगळवार, २३ एप्रिल

सकाळी डब्यात लिंबूभात दिला होता. संध्याकाळी डबा जड लागला. उघडला तर आत चार लाल चिनी केक, कासवाच्या आकाराचे, केळीच्या पानावर ठेवलेले. घरी केलेले. बाजारातल्यांवर इतकी नाजूक नक्षी नसते.

"कुणी दिले?"

"कामावरच्या एकाने."

"एकाने?"

"एकीने. तिची आई करते."

"नाव काय?"

"खा ना. मऊ आहेत."

चिनी आहे तर. आणि आईपर्यंत मजल गेलेली आहे.

तीन केक मी कचऱ्यात टाकले. चौथा खाल्ला. आत मुगाचं सारण. चांगला होता, ह्याचा आणखीच राग आला.


गुरुवार, २ मे

आज दुकानातून जेवायच्या सुट्टीत वर हझवानकडे गेले आणि म्हटलं, "तंबी, ते दुसरं नाव काढून टाक."

"का, अक्का? ठोकली का?"

"ठोकली नाही. काढ."

"दोन मिनिटांचं काम आहे. सही करा, काढतो. पण मग त्यांनी चालवायची नाही हं."

"तेच पाहिजे."

त्याने कागद छापला. पेन पुढे केलं. मी पेन घेतलं. मग तो म्हणाला, "इथे कारण लिहा." एक रिकामी ओळ होती, बोटभर लांब.

काय लिहू? केस? गोळ्यांचे कागद? मला एकदम रडू फुटेल असं वाटलं. म्हटलं, "ठेव हा कागद. मी येते परत." त्याने खणातून टिशूचं पाकीट काढून माझ्याकडे सरकवलं आणि उगीचच कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं.


गुरुवार, ९ मे

चारच्या सुमारास बालनचा फोन. "कोगिला, घाबरू नकोस. मला काही झालं नाही."

सिंपांगच्या सिग्नलपाशी लॉरीच्या मागे गाडी घुसली. पावसात ब्रेक लागला नाही म्हणतो. माझ्या गाडीचं पुढचं सगळं तोंड आत गेलंय, डाव्या बाजूला जास्त.

डाव्या बाजूला. चालक इथे उजवीकडे बसतो.

"शेजारी कोण होतं?"

त्याने आधी तिकडे कुणाला तरी "आलोच" म्हटलं. मग म्हणाला, "तिच्या ओठाला दोन टाके पडलेत. बाकी ठीक आहे."


शुक्रवार, १० मे

पोलिसांत तक्रार नोंदवावी लागते. मालक म्हणून मला एक प्रत मिळाली. ती मी ठाण्याच्या बाकावर बसून वाचली. प्रवासी: फूंग वाय यी, स्त्री, वय ४१, चांगकत जेरिंग. इतके दिवस जिला नाव नव्हतं, तिचं नाव मला सरकारने कळवलं.

घरी येईपर्यंत ती प्रत पर्समध्ये ठेवली. मग बोलले.

"कोण ही?"

"शिक्षिका होती, चिनी शाळेत. किडन्या गेल्या म्हणून सोडली. तलावामागच्या केंद्रात डायलिसिस करते. आठवड्यातून तीनदा."

"मंगळवार, गुरुवार, शनिवार."

त्याने चमकून पाहिलं. "तुला कसं माहीत?"

"ते राहू द्या. गुरुवारी दुपारी तीनला तुम्ही कारखाना सोडून तिला फिरवत होतात?"

तो खुर्चीवर बसला. चष्मा काढला. तो चष्मा मीच त्याला बसवलेला आहे, डावी काडी जरा वाकवून.

"कारखाना नाही आता. फेब्रुवारीत एकशे वीस जणांना काढलं. त्यात मी."

म्हणजे बस बंद झालीच नव्हती. ती धावतेच आहे, फक्त हा तिच्यात नाही. रोज सकाळी माझा डबा घेऊन जायचा आणि तलावाच्या काठी गाडीत बसून राहायचा, पाच वाजेपर्यंत. मार्चमध्ये पहिल्याच आठवड्यात ही बाई समोरच्या बाकावर बसलेली दिसली, पांढरीफटक, बसस्टॉपपर्यंत जायची ताकद नाही. त्याने विचारलं, सोडू का? मग ते ठरूनच गेलं. येताना तिला चक्कर येते, म्हणून सीट आडवी. पाणी बेताने प्यायचं असतं, घसा कोरडा पडतो, म्हणून त्या आंबट गोळ्या.

सगळं एकेक करून जागेवर बसत गेलं. मला हायसं वाटायला हवं होतं.

"तिला माहीत होतं? नोकरी गेल्याचं?"

"हो."

"केव्हापासून?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं."

"तिला सांगितलंत."

"ती अनोळखी होती गं. अनोळखी माणसाला सांगता येतं. तुला कसं सांगू? तू रोज डबा भरून द्यायचीस."

"रडलात तिच्यासमोर?"

त्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग मान हलवली. हो म्हणून.

एकोणीस वर्षांत माझ्यासमोर एकदाही नाही. त्याची आई गेली तेव्हासुद्धा मोरीत जाऊन, नळ सोडून. ह्यापेक्षा ती त्याच्या मिठीत सापडली असती तर निदान काय बोलायचं ते मला कळलं असतं.


मंगळवार, १४ मे

विमा कंपनीचा तपासनीस घरी आला. नीटस, कोरडा माणूस, पंखा चालू असूनही घाम पुसणारा. बालनला विचारलं, काम काय? बालनने खरं सांगितलं, बेकार. "पण इथे स्टोअरकीपर लिहिलंय." मी म्हटलं, "मी लिहिलं. मला तेच माहीत होतं." तो माणूस माझ्याकडे जरा दयेने बघायला लागला. ती दया मला नको होती.

मग म्हणाला, "मिस्टर थनबालन, एक नीट सांगा. नोकरी नाही. आठवड्यातून तीनदा ही बाई. तुम्ही तिच्याकडून भाडं घेत होता?"

"नाही."

"पेट्रोलचे? चहापाण्याचे?"

"काहीच नाही. तिची आई कधी केक द्यायची."

"दोन महिने, फुकट? का?"

बालन म्हणाला, "तिला बसने दोनदा बदलून जावं लागतं."

तपासनिसाने लिहून घेतलं. खाली हझवान माझी वाट बघत होता, तपासनिसाशी बोलून झालेला. "छान बोलले, अक्का. भाडं नाही म्हणजे क्लेम पास. मी सांगतो ना."

मी तिथेच जिन्याचा कठडा धरून उभी राहिले. हझवानला ही चांगली बातमी वाटत होती.


गुरुवार, १६ मे

दोन दिवस दुकानात चुका करते आहे. एका आजोबांना त्यांच्या बायकोच्या नंबरचा चष्मा दिला.

गोष्ट सरळ आहे आणि मला सुटत नाही. बालनने पैसे घेतले असतील, तर ती गिऱ्हाईक आणि तो ड्रायव्हर. बेकार माणूस पोटासाठी चोरून टॅक्सी चालवत होता, शेकडो चालवतात, ह्यात बायकोने जळण्यासारखं काही नाही. फक्त विमा बुडाला. आणि पैसे घेतले नसतील, तर गाडी दुरुस्त होऊन येईल, नवीकोरी. पण मग ती त्याची कोण होती?

विमावाल्यांना भाडं घेतलेलं नको आहे. मला हवं आहे. त्याने तिच्याकडून भाडं घेतलेलं असू दे, एवढंच मी आज मारिअम्मनला मागितलं. देवीलासुद्धा असलं मागणं नवीन असेल.

संध्याकाळी विचारलं. "खरं सांगा. विम्यासाठी तसं म्हणालात ना? घेत होतात ना काहीतरी?"

 "काय ऐकायचंय तुला, कोगिला?"

"खरं."

"खरं सांगून झालं माझं."

आणि गेला गॅलरीत, दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला.


शनिवार, १८ मे

दुकानात डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि चालत केंद्रावर गेले.

मी काहीतरी मनात धरून गेले होते. तरुण, नाजूक, ओठ रंगवलेली. खाटेवर होती ती माझ्याहून म्हातारी दिसत होती. चेहरा मातकट, दंडावर शिरा दोरीसारख्या फुगलेल्या, दोन नळ्यांतून रक्त मशिनीत जाऊन परत येत होतं. ओठावर टाके. केस मात्र लांब, सरळ, उशीवर पसरलेले.

"फूंग टीचर? मी कोगिलवाणी."

तिने लगेच ओळखलं. उठायला गेली, नळ्यांनी ओढून धरलं. "मिसेस बालन! बसा ना. तुमच्याबद्दल इतकं ऐकलंय."

"काय ऐकलंय?"

"तुम्ही हातात फ्रेम घेतली की नाक न मोजता बसवता. लिंबूभात तुमच्यासारखा कुणाला येत नाही. आणि तुमची गाडी जपून चालवायची असते." ओठ दुखला असावा, हसता हसता थांबली. "त्या दिवशी मला एकदम उमासा आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तेवढ्यात लॉरी थांबली. चूक माझी आहे."

मी बोलणं लांबवलं नाही. फार वेळ गोड बोलले असते तर मला विचारणं जमलं नसतं.

"टीचर, एक विचारते. ते तुमच्याकडून पैसे घेत होते का?"

"त्यांनी काय सांगितलं?"

"नाही म्हणाले. काहीच नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. शाळेतल्या बाई वही तपासताना पाहतात तसं, सावकाश, वरपासून खालपर्यंत. मशीन टुकटुकत होती. कोपऱ्यात कुणाचा तरी नातेवाईक पेपर चाळत होता.

"ते विम्यासाठी म्हणाले असतील," ती म्हणाली. "घेत होते. दर खेपेला दहा रिंगिट."

"दहा?"

"दहा. रोख. उतरताना हातात. एकदा सुटे नव्हते तर पुढच्या खेपेला मागून घेतले." मग जरा थांबून, "फार व्यवहारी आहेत तुमचे मिस्टर."

मला काय झालं सांगता येत नाही. बालन आणि व्यवहारी! पण माझ्या छातीवरून पाटाच उचलला कुणी. मी तिचा मोकळा हात धरला. थंडगार होता. "बरं झालं," म्हटलं. "बरं झालं सांगितलंत."

"मिसेस बालन, विमावाल्यांना मात्र..."

"ते माझं मी बघते."

तिने डोळे मिटले. दमली होती बिचारी. येताना मी नर्सला सांगितलं, त्यांना पांघरूण द्या.


रविवार, १९ मे

सकाळी इडल्या वाढता वाढता म्हटलं, "मी टीचरना भेटून आले. कळलं मला सगळं."

त्याचा हात थांबला.

"दहा रिंगिट घेत होतात दर खेपेला. लपवायचं काय त्यात? लाज वाटली का? पोटासाठी केलंत."

तो माझ्याकडे बघत राहिला, तोंडात घास तसाच. मग चटणीकडे बघितलं. मग खिडकीकडे.

"असं म्हणाली ती?"

"हो. रोख, उतरताना हातात."

बालनला मीठ हवं का विचारलं तरी वेळ लागतो, हे मी मागे लिहिलंय. आज त्याहून जास्त लागला.

"हो," म्हणाला. "दहा."

"मग पेट्रोलला माझ्याकडे कशाला मागायचात?"

"पुरायचे नाहीत."

तेही खरंच. हल्ली दहात काय येतं? मी त्याला आणखी दोन इडल्या वाढल्या. खूप दिवसांनी जेवण अंगी लागलं.


मंगळवार, २१ मे

हझवानला सांगितलं, क्लेम मागे घे.

तो उभाच राहिला. "अक्का, पास होतोय!"

"भाडं घेतलंय त्यांनी. खोटं कागदावर राहायला नको."

"कोण म्हणालं?"

"ती स्वतः."

"आणि ते?"

"ते पण हो म्हणाले. मी विचारल्यावर."

हझवानने डोकं खाजवलं. "अक्का, मी बारा वर्षं ह्या धंद्यात आहे. क्लेम मिळावा म्हणून खोटं बोलणारी माणसं रोज बघतो. क्लेम बुडावा म्हणून..." आणि थांबला.

"म्हणून काय?"

"काही नाही. इथे सही करा."

"कारण लिहायचंय?"

"नको. ह्या कागदावर कारण लागत नाही."

मग म्हणाला, "आणि तो दुसरा कागद? नाव काढायचा?"

"फाडून टाक," म्हटलं.

दुरुस्ती आता माझ्या पदरची. बांगड्या ठेवाव्या लागतील. जिना उतरताना मला गुणगुणावंसं वाटत होतं.


मंगळवार, ११ जून

गाडी काल आली. पुढचा रंग मागच्याशी किंचित जुळत नाही, पण फक्त मला दिसतो.

बालन एक तारखेपासून बाजारामागच्या हार्डवेअरच्या दुकानात लागला आहे. पगार कमी, पण खिळे-स्क्रूंच्या खणांत तो रमतो. पहिल्या दिवशी घरी आला आणि म्हणाला, "थकलो." बसला आणि नुसता सांगत राहिला, मालकाबद्दल, गिऱ्हाइकांबद्दल, फेब्रुवारीतल्या त्या दिवसाबद्दलसुद्धा. मी भांडी तशीच ठेवून ऐकलं.

पण मग टीचरना कोण नेणार? ती महिनाभर बसने जाते आहे, दोनदा बदलून. बालन काही म्हणाला नाही. त्याने म्हणावं असंही मला वाटत नव्हतं. आज माझी सुट्टी. सकाळी उठले आणि सरळ चांगकत जेरिंगला गेले. तिची आई दारात उभी राहून हात हलवत राहिली, चिमणीएवढी बाई.

परत येताना टीचरच्या अंगात काही राहिलं नव्हतं. मी स्वतः सीट आडवी करून दिली. गोळी सोलून दिली. ती डोळे मिटून पडून राहिली आणि मी गाडी सावकाश चालवत होते, खड्डे चुकवत. कुणी आपल्या शेजारी इतकं निर्धास्त पडून राहिलं की माणूस आपोआप जपून चालवतो. बोलता बोलता मीच तिला काय काय सांगून बसले. तो केस जपून ठेवलेला, ते आकडे लिहिणं. ती इतकी हसली की ओठ धरून बसली.

दारात उतरताना तिला एकदम काहीतरी आठवलं. "अरे हो!" म्हणाली आणि पिशवी उघडली. पाकीट सापडेना. रुमाल निघाला, औषधाची पट्टी निघाली, किल्ल्या निघाल्या. पाकिटात नुसती पन्नासची नोट. आईला हाक मारली, दहा सुटे आहेत का? आई म्हणाली, कशाला? दोन महिने दर खेपेला दिले आणि तिसऱ्या महिन्यात सवय मोडली, आजाराने माणसाचं लक्षच राहत नाही.

"असू द्या हो, टीचर," मी म्हटलं.

"नाही, नाही. मिस्टरना देत होते, मग तुम्हाला..."

"त्यांचं त्यांच्यापाशी. अशा अवस्थेत माणसाला घरी आणून सोडायचं आणि उतरताना हात पुढे करायचा? मला नाही जमायचं."

ती दार धरून उभी राहिली. आता तिच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला होता.

"तुम्ही दोघं नवराबायको अगदी एकसारखी आहात," म्हणाली, आणि दार हळूच लावलं.

सिंपांगपर्यंत मी तेच घोळवत होते. एकसारखी कशी? तो घेत होता, मी घेतले नाहीत. सिग्नल हिरवा झाला तरी मी तशीच, मागच्याने हॉर्न वाजवला.

घरी आले तर बालन आधीच आलेला. त्याने भात लावला होता, रस्सम गरम करत होता, त्याच्या हिशेबाने चिंच कमी घालून. त्याला विचारायचं म्हणून तोंड उघडलं. तो वळला, हातात डाव, चष्म्यावर वाफ धरलेली, डावी काडी पुन्हा वाकडी झालेली.

"सोडलंस तिला नीट?"

"सोडलं," म्हटलं. चष्मा त्याच्या नाकावरून काढला, पदराने पुसला, काडी वाकवून सरळ केली आणि परत बसवला.

बाकी काही विचारलं नाही.